दाण्याएवढ्या इरिडियमवर पहारा

तांदळाच्या दाण्याहून लहान, इरिडियम-192 भरलेली एक कुपी पोलादी तारेच्या टोकाला जोडलेली असते. यंत्रातल्या तिजोरीतून ती नळीवाटे थेट गर्भाशयात शिरते, ठरल्या जागी काही सेकंद थांबते, काही मिलिमीटर सरकते, पुन्हा थांबते आणि तिजोरीत परतते. ही ब्रॅकीथेरपी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून किरण दिल्यावर उरलेल्या गाठीवर घाव घालते ती हीच. मुंबईच्या टाटा रुग्णालयातही ती दिली जाते.

एवढ्या जवळून मारा कशासाठी? कारण अंतर दुप्पट झाले की मारा चौथाईवर येतो. गाठीला पुरेपूर मिळते, पुढचे मूत्राशय आणि मागचे गुदाशय वाचते. पण नळी जरा सरकली की हेच गणित उलटते. मग मिलिमीटरलाही किंमत येते. त्यात इरिडियमची ताकद 74 दिवसांत निम्मी होते, म्हणजे आज दहा मिनिटांत होणारे काम तेव्हा वीस मिनिटे घेईल. नवी कुपी आली की भौतिकतज्ज्ञ तिची ताकद स्वतः मोजतात. कंपनीच्या दाखल्याशी आकडा जुळला नाही, तर कारण सापडेपर्यंत उपचार थांबतो.

इथे कुणाच्याच शब्दावर विसंबत नाहीत, यंत्राच्या तर नाहीच. आधी रिकामी तार धाडून वाट मोकळी आहे का ते पाहतात. दार उघडले की कुपी आपोआप मागे येते. रोज सकाळी हे सगळे तपासायचे.

हा संशयीपणा अतिरेकी वाटतो? 16 नोव्हेंबर 1992 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अशीच तार तुटली आणि कुपी रुग्णाच्या शरीरातच राहिली. यंत्र म्हणत होते, सर्व ठीक. भिंतीवरचा सूचक मात्र किरणांचा इशारा देत होता. तोच बिघडला असेल, असे सगळ्यांनी धरले. हातातले मापक घेऊन एकदा खोलीत फिरले असते तरी कळले असते! रुग्ण पाच दिवसांनी दगावला. कुपी कचऱ्यात गेली, ती कचऱ्याच्या गाडीमुळे वाजलेल्या किरणसूचक घंटेने सापडली. तोवर 94 जणांना किरण लागले होते. आज प्रत्येक उपचारानंतर मापक फिरवतात, त्यामागे हा मृत्यू आहे.

आता तज्ज्ञ चूक होण्याआधीच तिचा माग काढतात. प्रत्येक पायरीला तीन प्रश्न: चुकले तर इजा किती, चुकण्याची शक्यता किती, आणि वेळीच लक्षात येईल का? उत्तरांना गुण देऊन तक्त्यात मांडायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा. मोठा आकडा येईल तिथे पहारा वाढवायचा. 2005 साली आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने अशा यंत्रांचे पाचशेहून जास्त अपघात नोंदवले. मुख्य कारण माणसाची चूक.

माझ्या मते नंदुरबार जिल्ह्यातून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्यांसाठी या तक्त्यात आणखी एक ओळ हवी: एसटी. बाहेरचे आणि आतले किरण मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांत संपवायचा असतो. लांबला की गुण कमी येतो. जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याहून मुंबई चारशे किलोमीटरच्या पुढे. पेरणी, मजुरी, घरची लेकरे यांत एखादी तारीख सहज हुकते, आणि ही चूक कोणत्याच मापकावर दिसत नाही.

घरातल्या बाईचे हे उपचार चालू असतील तर शेवटच्या तारखेपर्यंत तिच्यासोबत जा. जमणारच नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा. ते पुढची तारीख लगेच बसवू शकतात.