फ्लँडर्सचा कौंट आणि त्याची रयत

मध्ययुगांतील युरोपचा सरदार म्हटला कीं, तटबंदीआड बसून रयतेला पिळणारा मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि पुष्कळांच्या बाबतींत तें चित्र खोटेंही नाहीं. परंतु इ. स. १११९ ते ११२७ पर्यंत फ्लँडर्सवर, म्हणजे हल्लींच्या बेल्जमच्या पश्चिम भागावर व लगतच्या फ्रेंच मुलखावर, राज्य करणाऱ्या कौंट चार्ल्सची हकीकत निराळी आहे. आमच्या व्यापारी वाचकांनीं ती अवश्य पाहावी.

११२४-२५ सालीं तेथें भयंकर दुष्काळ पडला. ईप्र शहरीं कौंटानें एका दिवसांत ७,८०० पाव वांटल्याची नोंद ब्रूज येथील गाल्बेर नांवाच्या कारकुनानें केली आहे. पण दानधर्म कोणीही श्रीमंत करील. चार्ल्सची खरी दृष्टि त्याच्या हुकुमांत दिसते. धान्याची बिअर करण्यास त्यानें मनाई केली. पाव लहान भाजावयास लावले, म्हणजे ज्याच्या गांठीं अर्धाच पैसा त्यालाही एक घेतां यावा. शेतकऱ्यानें कांहीं जमिनींत वाटाणा व घेवडा पेरावा असें फर्माविलें, कारण तीं पिकें लवकर हातीं येतात.

पुढें त्याचें वांकडें आलें तें चान्सलर बेर्टुल्फ याच्या बलाढ्य घराण्याशीं. हें घराणें मूळचें दास, सबब आपल्या मालकीचें, असा दावा कौंटानें उभा केला. आम्ही चार्ल्सचे चाहते असलों तरी हा दावा आम्हांस मान्य नाहीं. चान्सलरपदास चढलेल्या मनुष्याला पूर्वजांच्या जन्मावरून पुन्हां दास ठरविणें हा कायदा असेल, न्याय खास नव्हे. अर्थात् त्यावरचा त्या घराण्याचा उपाय त्याहून घोर होता. २ मार्च ११२७ रोजीं सकाळीं, ब्रूजच्या देवळांत प्रार्थनेस बसलेल्या कौंटाला बेर्टुल्फाच्या पुतण्यानें व त्याच्या साथीदारांनीं तरवारीनें ठार केलें. मारेकऱ्यांस देहांत शासन झालें, हें सांगणें नकोच.

आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें यानंतरचें. फ्रान्सचा राजा सहावा लुई यानें विल्यम क्लिटो यास गादीवर आणलें. ब्रूजच्या नागरिकांस जकात माफ करण्याची शपथ विल्यमनें घेतली, आणि वर्ष भरण्याच्या आंत ती मोडली. ११२८ च्या फेब्रुवारींत घेंटच्या नागरिकांच्या वतीनें आल्स्टच्या इव्हान सरदारानें त्याला तोंडावर सुनावलें: सरदार, धर्माधिकारी व प्रजा यांची सभा भरवा, तुम्ही शपथभंग केला असें तिला दिसल्यास पद सोडा. विल्यम शस्त्राची भाषा बोलूं लागला. तेव्हां शहरांनीं अल्सासच्या थिएरीस कौंट निवडलें. लुईनें डोळे वटारतांच ब्रूजकरांनीं कळविलें कीं, फ्लँडर्सचा कौंट निवडणें हें फ्रान्सच्या राजाचें काम नाहीं! त्याच वर्षीं जुलैंत आल्स्टच्या वेढ्यांत झालेल्या जखमेनें विल्यम मेला, आणि थिएरीनें ११६८ पर्यंत राज्य केलें.