‘प्रिन्स ऑफ बेरार’ : एका किताबाची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, मेहकर व सिंदखेडराजा यांच्या दरम्यान, बीबी नांवाचें गांव आहे. त्याच्या आसपासच्या मुलुखांत सिंदखेडराजा, देऊळगांवराजा, किनगांवराजा अशीं ग्रामनामें आढळतात. यांतील ‘राजा’ हें पद सिंदखेडकर जाधवरावांच्या घराण्याची खूण म्हणून गांवांस चिकटलें. लखुजी जाधवराव इ. स. १६२९ मध्यें दौलताबादेस मारले गेले, कालांतरानें घराण्याचें वैभवहि ओसरलें. परंतु ग्रामनामांतील ‘राजा’ अद्याप कायम आहे. म्हणजे येथें किताब धन्याकडून गांवाकडे गेला. इंग्रजांच्या सरदारवर्गांत नेमकी उलट चाल आहे. तेथें गांवाचें किंवा प्रांताचें नांव धन्याकडे जातें. या दुसऱ्या पद्धतीचा एक किताब ज्या वऱ्हाड प्रांतांत बीबी मोडत असे त्याच प्रांताच्या नांवानें इ. स. १९३६ मध्यें निर्माण झाला. तो म्हणजे ‘प्रिन्स ऑफ बेरार’. किताबांतील भूमीचें नांव हा सत्तेचा पुरावा मानावा कीं नाहीं, या प्रश्नाचा विचार त्याच्या आधारें येथें करावयाचा आहे.

प्रथम मूळ इंग्रजी पद्धत पाहूं. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट व बॅरन अशा तेथील सरदारांच्या पांच पायऱ्या असून किताबास बहुधा एखाद्या स्थळाचें नांव जोडलेलें असतें. मात्र त्या स्थळाची मालकी अगर अंमल त्यांतून निष्पन्न होत नाहीं. शिंद्यांच्या फौजेशीं ता. १ नोव्हेंबर १८०३ रोजीं लासवारीस लढलेल्या जनरल लेकला पुढील सालीं बॅरन करण्यांत आलें, तेव्हां त्याच्या किताबांत दिल्ली व लासवारी हीं दोन्ही नांवें घातलीं गेलीं. ती विजयाची खूण होती; जहागिरीची सनद नव्हे.

‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हा किताब या पांच पायऱ्यांच्या वरचा व युवराजासाठीं राखलेला. पहिल्या एडवर्डनें १२८२-८३ मध्यें वेल्स जिंकलें आणि १३०१ मध्यें आपल्या पुत्रास हें पद दिलें. इंग्रजी न बोलणारा राजपुत्र तुम्हांस देतों, असें सांगून राजानें तान्हें मूल वेल्सच्या लोकांपुढें धरलें, अशी आख्यायिका आहे. परंतु ती सोळाव्या शतकांतील लेखनांत प्रथम दिसते. शिवाय राजपुत्राचा जन्म १२८४ चा असल्यानें पदप्राप्तीच्या वेळीं तो सोळा वर्षांचा होता. हा किताब जन्मानें आपोआप मिळत नाहीं; प्रत्येक वेळीं राजानें तो नव्यानें द्यावा लागतो. शेक्सपियरच्या चौथ्या हेन्रीवरील नाटकांतील उनाड युवराजामुळें हें पद वाङ्मयांतहि अजरामर झालें. जिंकलेल्या देशाचें नांव जेत्याच्या वारसास देणें, हें त्याचें मूळ बीज होय.

आतां वऱ्हाडकडे वळूं. ‘बेरार’ हें नांव चुकीच्या मस्तकीं चढविण्याची संवय इंग्रजी दप्तरास पूर्वीपासून होती. नागपूरकर भोसल्यांचा मराठी कागदांतील बहुमान ‘सेनासाहेब सुभा’ असा. परंतु इंग्रजी कागदांत दुसरे रघूजी भोसले ‘बेरारचा राजा’ म्हणून येतात. ता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख त्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. यास्तव त्या काळच्या इंग्रजी पत्रांत ‘बेरारचा राजा’ दिसला म्हणजे निजाम समजूं नये, नागपूर समजावें.

पुढें ता. २१ मे १८५३ च्या तहानें, हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठीं, निजामानें वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिलें. त्या वेळीं गव्हर्नर जनरल डलहौसी होता. नोव्हेंबर १९०२ मध्यें कर्झननें मीर महबूब अलीखान यांजकडून सालीना २५ लक्ष रुपये खंडानें प्रांताचा कायम पट्टा करून घेतला, आणि १९०३ मध्यें तो कारभारासाठीं मध्यप्रांतास जोडला. त्याच सुमारास निजामांस ‘जी. सी. बी.’ हा बहुमान मिळाला. त्यावर लोकांनीं कोटी केली कीं, या अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड दिलें’. थट्टेंतले हे तीन शब्द किताबाचें राजकारण तहाच्या कलमांहून नेमकें सांगतात.

मीर उस्मान अलीखान यांनीं १९२३ मध्यें वऱ्हाड परत मागितलें. व्हाइसरॉय रीडिंगनें मार्च १९२६ च्या पत्रानें ती मागणी नाकारून ब्रिटिश राजसत्तेचें श्रेष्ठत्व बजाविलें. अखेर ता. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारानें तोड निघाली. वऱ्हाडवरील निजामाचें सार्वभौमत्व मान्य झालें, २५ लक्षांचा खंड चालू राहिला, निजामाचें निशाण इंग्रजी निशाणाजवळ फडकविण्याची मुभा मिळाली. कारभार मात्र मध्यप्रांताशीं जोडलेलाच राहिला. निजामांच्या पदवींत ‘हैदराबाद व बेरार’ अशी जोड आली, आणि युवराज आझम जाह हे ‘हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. त्यांच्या पत्नी दुर्रुशेहवार या शेवटच्या खलिफाच्या कन्या. त्यांस ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ म्हणूं लागले.

वेल्सच्या किताबाशीं याचें साम्य उघड आहे. पण भेद अधिक बोधप्रद आहे. तेथें मुलूख हातीं आल्यावर नांव दिलें. येथें मुलूख परत न देतां नांव दिलें. आणखी एक योग असा कीं, आठवा एडवर्ड त्याच वर्षीं राजा झाल्यामुळें कराराच्या दिवशीं इंग्लंडांत ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ कोणीच नव्हता. ज्या नमुन्यावर हा किताब बेतला, तें आसन रिकामें होतें. बीबीच्या कुणब्याचा सारा प्रांताच्या सरकारी खजिन्यांत जात होता, व पूर्वेस नागपूरकडेच त्याची दाद लागत होती. किताबानें त्यांत तिळभर फरक पडला नाहीं. उलट थोड्याच कोसांवरील जालना निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखालीं होतें, तरी त्याचें नांव कोणत्याहि युवराजाच्या किताबांत नव्हतें.

संग्राहकांस यांतून तीन गोष्टी घेतां येतात. निजामांच्या पदवींत ‘व बेरार’ असलेला कागद १९३६ च्या करारापूर्वीचा असूं शकत नाहीं. तारीख त्याआधींची असेल तर ती नक्कल मागाहूनची किंवा बनावट समजावी. दुसरें, आसईची व अडगांवची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली १८०३ मध्यें केवळ जनरल वेलस्ली होता. ‘वेलिंग्टन’ हें नांव त्यास १८०९ मध्यें व ड्यूकपद १८१४ मध्यें मिळालें. त्या लढायांच्या वृत्तांतांत ‘वेलिंग्टन’ आला तर लेखनकाल पुढें ओढावा. तिसरें, मायन्यांतील किताबावरून अंमल ठरवूं नये. तो वसुलाच्या, निवाड्याच्या व पट्ट्याच्या कागदांवरून ठरवावा.

वऱ्हाड १९४७ नंतर मध्यप्रांतासह भारतांत राहिलें. १९५६ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. उस्मान अलीखान १९६७ मध्यें वारले तेव्हां त्यांची गादी ‘प्रिन्स ऑफ बेरार’ यांस न मिळतां त्यांचे पुत्र मुकर्रम जाह यांस मिळाली. आझम जाह १९७० मध्यें निवर्तले. ज्या युवराजपदाची ग्वाही देण्यासाठीं किताब निघाला, तें पदहि फलद्रूप झालें नाहीं. भूमीचें नांव घेतलेला किताब धन्याबरोबर गेला. सिंदखेड, देऊळगांव व किनगांव यांनीं उचललेला ‘राजा’ मात्र गांवकऱ्यांच्या तोंडीं अद्याप नांदत आहे.