ढोल आधी ऐकू येतो, ताशा नंतर

मिरवणूक अजून दोन गल्ल्या पलीकडे असते. दिसत काहीच नाही, पण ढोलाचा ठेका घरात येऊन पोहोचलेला असतो. ताशाची तडतड मात्र मिरवणूक कोपऱ्यावर वळून समोर आली की मगच कानावर पडते. विसर्जनाच्या दिवशी पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावातही हा अनुभव येतो. ढोल मोठा आणि ताशा लहान, म्हणून असे होत असेल, अशी आपण समजूत करून घेतो. पण ताशाचा आवाज काही कमी नसतो. जवळ उभे राहिले तर तोच कानाला अधिक बोचतो. मग कोपऱ्याआड तो जातो कुठे?

याचे उत्तर तरंगांच्या एका साध्या नियमात आहे. खिडक्या लावून घेतल्या तरी डीजेची धडधड घरात का येते, हेही तोच नियम सांगतो. आणि वर्षानुवर्षे गोंगाटात वावरलेल्या माणसाला ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक का कळेनासा होतो, याचा धागाही तिथेच सापडतो.

धक्का पुढे जातो, हवा जागीच

दाट गर्दीत मागून कुणी ढकलले तर काय होते? मागचा पुढच्यावर रेलतो, तो त्याच्या पुढच्यावर, आणि धक्का पार पहिल्या रांगेपर्यंत जातो. माणसे मात्र आपापल्या जागी परत सावरतात. ध्वनीचे असेच आहे. ढोलाचे पान थरथरले की लगतची हवा दाबली जाते, मग सैल होते. हा दाब-सैलाचा खेळ पुढे सरकत जातो. हवेचे कण जागच्या जागी मागे-पुढे होतात. पुढे जाते ती ऊर्जा. हाच तरंग.

हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, मग आवाज ढोलाचा असो की ताशाचा. दोघांचा वेग वेगळा असता तर लांबून ऐकणाऱ्याला ठेका विस्कटलेला ऐकू आला असता. म्हणजे ढोल ‘आधी’ येतो तो वेगामुळे नव्हे.

फरक आहे तो लाटेच्या लांबीत. एका सेकंदात किती कंपने होतात ती वारंवारिता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. वेगाला वारंवारितेने भागले की एका लाटेची लांबी मिळते. ५० हर्ट्झचा खर्ज घेतला तर ३४० भागिले ५०, म्हणजे ६.८ मीटर. साधारण दुमजली घराच्या उंचीइतकी एक लाट! उलट ४००० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाची लाट भरते अवघी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तळहाताच्या रुंदीएवढी. कोणत्याही वाद्याच्या आवाजात लहान-मोठ्या अनेक लाटा मिसळलेल्या असतात. ढोलाच्या घुमण्यात लांब लाटांचा भरणा असतो, ताशाच्या तडतडीत आखूड लाटांचा.

अडथळा केवढा, लाट केवढी

नदीत रोवलेल्या बारीक खुंटाकडे पाहा. पाण्यावरची मोठी लाट त्याला वळसा घालून, जणू तो नाहीच अशी, पुढे निघून जाते. तिथेच लांब-रुंद धक्का बांधला तर त्याच्या आडोशाला पाणी शांत राहते. लाट अडथळ्याला वळसा घालून जाते, याला भौतिकशास्त्रात विवर्तन म्हणतात. ती किती वळणार, हे अडथळा तिच्या लांबीच्या तुलनेत केवढा आहे यावर ठरते. लाट मोठी असेल तर ती सहज वळते. लाट आखूड आणि अडथळा मोठा असेल तर मागे ‘सावली’ पडते.

कोपऱ्यावरची इमारत दहा मीटर रुंद आहे असे धरू. ढोलाच्या सात मीटरच्या लाटेला ती फारशी मोठी नाही. साडेआठ सेंटिमीटरच्या लाटेला मात्र ती शंभरपट मोठी. म्हणून ढोल वळून येतो आणि ताशा इमारतीच्या सावलीत अडकतो. प्रकाशाची लाट तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते. त्यामुळे कोपऱ्यापलीकडची मिरवणूक ऐकू येते, पण दिसत नाही.

भिंतीतून आरपार जाण्याच्या बाबतीतही लांब लाटच वरचढ ठरते. जड भिंतीला झटपट हलवणे अवघड, सावकाश हलवणे त्या मानाने सोपे. ठोकळमानाने वारंवारिता निम्मी झाली की भिंतीची आवाज अडवण्याची ताकद सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणून दारे-खिडक्या लावल्यावर गाण्याचे शब्द अडतात, झांजा अडतात, आणि उरते ती निव्वळ धडधड.

खोलीत शिरल्यावर ही लाट आणखी एक करामत करते. साधारण अकरा फुटी खोलीत ५० हर्ट्झची बरोबर अर्धी लाट मावते. समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि अनुनाद निर्माण होतो. दाब भिंतींपाशी वाढतो, मध्यभागी कमी होतो. कोपऱ्यात तर दोन भिंती मिळून तो अधिकच वाढवतात. आपल्याकडे पलंग बहुधा कोपऱ्यातच असतो. अशा रात्री तो भिंतीपासून थोडा सरकवून पाहा. धडधड काही अंशी कमी जाणवू शकते.

मापकाला न दिसणारी धडधड

आता मुद्दा येतो नियमांचा. देशात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते, हे इथे ध्यानात ठेवायला हवे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. २० वाढले म्हणजे शंभरपट.

नियमांतली ही मर्यादा ‘ए’ प्रकारच्या डेसिबलमध्ये आहे. माणसाचा कान खर्जाला कमी संवेदनशील असतो, म्हणून ध्वनिमापक या पद्धतीत खर्जाचे ‘गुण’ वजा करतो. ५० हर्ट्झला ही वजावट तब्बल ३० डेसिबल आहे. म्हणजे खोलीत निव्वळ ५० हर्ट्झचा ८० डेसिबलचा आवाज घुमत असेल, तर मापक दाखवणार ५०. दिवसाच्या मर्यादेत तो आरामात बसला!

ही वजावट मुळात हलक्या आवाजांसाठी बेतलेली आहे. आवाज मोठा होत जातो तसा खर्ज कानाला तितका फिका वाटत नाही. शिवाय खिडकीच्या काचा, कपाटाची दारे, भांडी थरथरतात, ते वेगळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे की खर्जप्रधान गोंगाटाला ‘ए’ माप पुरेसे नाही. खर्ज फारसा न वगळणाऱ्या ‘सी’ मापाने पुन्हा मोजावे. दोन आकड्यांत १० डेसिबलहून अधिक अंतर आले तर आवाजाचे बारकाईने पृथक्करण करावे, असे ती सुचवतात.

प्रश्न केवळ त्रासाचा नाही. झोपेत डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. जाग आली नाही तरी आवाजाने हृदयाचे ठोके वाढतात, ताणाची संप्रेरके स्रवतात, झोप उथळ होते. दीर्घकाळच्या गोंगाटाचा उच्च रक्तदाबाशी आणि हृदयविकाराशी संबंध आढळला आहे. घरात आजारी, वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असेल तर एका रात्रीचे जागरणही भारी पडते.

कानाचा घात वेगळ्या लाटेने

खर्ज झोप मोडतो, पण श्रवणशक्तीला अधिक धोका असतो तो आखूड लाटांचा. त्याचे एक कारण आपल्या कानाच्या घडणीत आहे.

कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला बंद. बाटलीच्या तोंडाशी फुंकर घातली की विशिष्ट सूर निघतो, तशी या नळीलाही एक आवडती लाट आहे. नळीच्या चौपट लांबीची, म्हणजे दहा सेंटिमीटरची. हिशेब केला तर वारंवारिता येते सुमारे ३४०० हर्ट्झ. या पट्ट्यातला आवाज पडद्यापर्यंत पोहोचेतो १० ते १५ डेसिबलने वाढलेला असतो. कुजबुज ऐकण्यासाठी हे वरदान, स्पीकरच्या भिंतीसमोर मात्र शाप.

पुढे आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते. तिच्यातल्या पडद्यावरून ध्वनीची लाट चालत जाते. तीक्ष्ण आवाज सुरुवातीलाच पडदा हलवतात, खर्ज आत टोकापर्यंत जातो. हे दाखवणारे जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१चे नोबेल मिळाले. या पडद्यावर प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने बाधित झालेल्या कानाची तपासणी केली, तर आलेखात पहिला खड्डा बहुतेकदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान दिसतो.

भाषेतले स्वर बहुतांशी याहून खालच्या वारंवारितेवर असतात. स, श, फ, थ यांच्यासारखी व्यंजने वरच्या. म्हणून अशा माणसाला बोलणे ‘ऐकू येते, पण समजत नाही’. साठ म्हटले तर आठ ऐकू येते. घरचे म्हणतात, लक्ष नाही. तो म्हणतो, तुम्ही पुटपुटता. दोघांनाही खरे कारण ठाऊक नसते, आणि ते कळेपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात.

मिरवणुकीनंतर कान बधिर होणे, आत शिट्टी वाजणे, आणि सकाळपर्यंत सगळे पूर्ववत होणे, हेही निर्धास्त राहण्याजोगे नाही. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि चेता यांच्यातले अनेक जोड कायमचे तुटलेले आढळले.

काय करता येईल

कानाला आवाज किती, याइतकेच किती वेळ, हेही महत्त्वाचे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशेब सोपा आहे: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, ९४ला एक. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे.

इथे तरंगाचाच आणखी एक नियम मदतीला येतो. लाट पसरत जाते तशी तिची ऊर्जा विखुरते. मोकळ्या जागेत, एकाच लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. पाच मीटरवर १०० डेसिबल असेल तर वीस मीटरवर ८८. पंधरा मिनिटांचे चार तास झाले! अरुंद गल्लीत मात्र भिंतींवरून आवाज परावर्तित होतो आणि स्पीकरची भिंत हा लहान स्रोत नव्हे; तिथे घट बरीच कमी होते. म्हणून मिरवणूक पाहायची तर मोकळ्या चौकात, लांबून पाहावी.

कापसाचा बोळा फारसे काही अडवत नाही. फोमचे इअरप्लग बारीक वळून, कान वर-मागे ओढून, नीट आत बसवले तर तीक्ष्ण आवाज चांगला कमी होतो. पथकातल्या वादकांना त्यांची सर्वाधिक गरज आहे, कारण त्यांचा सराव कित्येक दिवस चालतो. लहान मुलांसाठी कान झाकणारे मफ वापरावेत. तान्ह्यांना तिथे नेऊच नये. कानातली शिट्टी किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने एकदम ऐकू येणे कमी झाले तर त्याच दिवशी, कारण त्यावरचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी.

हे सगळे उपाय आखूड लाटांचे आहेत. सात मीटरच्या लाटेपुढे इअरप्लग तोकडे, खिडकी तोकडी, शेजारची इमारतही तोकडी. ती एकाच ठिकाणी कमी करता येते: जिथून निघते तिथे, मिक्सरवरची खर्जाची कळ खाली ओढून. तक्रार आल्यावर मोजणी करणाऱ्यांनी ‘ए’सोबत ‘सी’चा आकडाही नोंदवला, तर निदान ती लाट कागदावर तरी दिसेल. आणि मंडळांनी ती कळ स्वतःहून खाली ओढली, तर दोन गल्ल्या पलीकडच्या घरातला रुग्ण त्या रात्री झोपू शकेल.