ऑपरेशन झालंय, आता मूल होईल का?

महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण ४९.१ टक्के निघालं. देशाचं होतं ३७.९. आपल्याकडे हे ऑपरेशन बहुधा पंचविशीच्या आसपास उरकलं जातं. त्यानंतरही वीसेक वर्षं पाळी चालू राहायची असते, आणि तेवढ्या काळात संसारात काहीही घडू शकतं. मूल दगावतं. नवरा जातो, दुसरं लग्न होतं. मग ती बाई आशाताईंना हळूच विचारते, आता काही करता येईल का? तिच्यापर्यंत येणारी उत्तरं बहुतेक वेळा अर्धवट असतात.

‘नळीला गाठच मारलीय, ती सोडली की झालं.’ सर्वांत जास्त पसरलेला समज हाच. गर्भनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. टाक्याच्या ऑपरेशनात तिचा मधला भाग उचलून धाग्याने बांधतात आणि तो तुकडा कापून टाकतात. धागा पुढे विरघळतो, दोन्ही टोकं बंद होऊन एकमेकांपासून दूर सरकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात नळी दुमडून तिच्यावर सिलिकॉनची रिंग चढवतात. रिंगमध्ये अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरतो. म्हणजे सोडायला गाठ उरलेलीच नसते. नळी पुन्हा चालू करायची तर बंद टोकं कापून, आतला बारीक मार्ग समोरासमोर आणून, केसाहून बारीक धाग्याने शिवावा लागतो. डॉक्टर याला रिकॅनलायझेशन म्हणतात. याचं खास प्रशिक्षण घेतलेले, हात बसलेले सर्जन थोडे असतात. ते शोधण्यात थोडा वेळ गेला तरी चालेल, कारण पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यांदा जोडायला बहुधा नळीच पुरत नाही.

पण म्हणून ‘एकदा ऑपरेशन झालं की सगळं संपलं’ हेही खरं नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ज्यांची मुलं वाहून गेली, त्यांतल्या अनेक आयांचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. राज्य सरकारने त्यांच्यासाठी नळ्या जोडण्याच्या शस्त्रक्रियेची सोय केली आणि काही घरांत पुन्हा पाळणा हलला.

पण कोणाला यश येईल, हे नळी किती उरली आहे यावर ठरतं. जोडल्यानंतर किमान ४ सेंटिमीटर लांबी मिळाली तर आशा धरता येते. रिंग किंवा क्लिप लावलेली असेल तर नुकसान कमी झालेलं असतं. विजेने जाळून बंद केली असेल तर लांब पट्टा निकामी होतो. नळीचं अंडाशयाकडचं झालरीसारखं टोक कापलं असेल तर यश दुर्मीळ, आणि अख्ख्या नळ्याच काढल्या असतील, जसं हल्ली अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी करण्यासाठी काही ठिकाणी करतात, तर जोडायला काहीच नसतं. यांतलं काय झालंय ते कळायला ऑपरेशनचा कागद हवा. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात किंवा शिबिर घेणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद मागावी. ती मागायला लाजू नये, तो आपलाच कागद आहे.

दुसरी गोष्ट वय. जोडणीनंतर गर्भ राहण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४२ ते ६९ टक्के आढळलं आहे, आणि त्यात सर्वांत मोठा फरक बाईच्या वयाने पडतो. पस्तिशीच्या आत चित्र बरं असतं, चाळिशीनंतर झपाट्याने बिघडतं. आणखी एक तपासणी घराघरांत टाळली जाते, ती म्हणजे नवऱ्याच्या वीर्याची. साधी, स्वस्त आणि न दुखणारी ही तपासणी आधी न करता बाईला टेबलावर घेणं मला अन्यायाचं वाटतं. दुसरं लग्न असेल आणि नव्या नवऱ्याला आधीचं मूल नसेल, तर ती अधिकच गरजेची.

‘मालिश, काढा, गर्भाशयात सोडायचं तेल यांनी नळी मोकळी होते’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कापून काढलेला तुकडा कुठल्याही औषधाने परत येत नाही. गर्भाशयात वीर्य सोडण्याची आययूआय पद्धतही इथे कामाची नाही, कारण बीज आणि शुक्राणू भेटतात ते नळीतच. या नादात जाणारा पैसा वाईटच, पण त्याहून महाग पडतात ती हातची निघून जाणारी दोन-तीन वर्षं.

‘आयव्हीएफसाठीही आधी नळी उघडावी लागते’ हाही गैरसमजच. उलट नळ्या बंद असलेल्या बाईसाठीच ही पद्धत पहिल्यांदा उपयोगी पडली: १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी हे करून दाखवलं. ऑपरेशनने अंडाशयांना धक्का लागत नाही, दर महिन्याला बीज तयार होतच राहतं. ते सुईने बाहेर काढून, प्रयोगशाळेत फलित करून गर्भाशयात सोडतात. वय वाढलेलं असेल, वीर्यात दोष असेल किंवा नळी फारच तोकडी उरली असेल तर हा मार्ग अधिक शहाणपणाचा. तरुण बाईला, विशेषतः एकाहून जास्त मुलं हवी असतील तर, जोडणी चांगली, कारण मग दर महिन्याला आपोआप संधी मिळते. खासगीत आयव्हीएफच्या एका सायकलचा खर्च लाखाच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो, आणि एका सायकलमध्ये गर्भ राहीलच असं नाही. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून ही सेवा मोफत मिळू लागली. अशा उपचारांबाबतच्या २०२१ च्या कायद्याने स्त्रीसाठी वयाची मर्यादा २१ ते ५० वर्षं ठरवली आहे.

जिवाशी गाठ असलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. जोडलेल्या नळीत गर्भ अडकण्याचा धोका राहतो. अभ्यासांत हे प्रमाण ४ ते ८ टक्के दिसतं. आणि जोडणी न करताही, ‘ऑपरेशन झालंय, दिवस जाणारच नाहीत’ असं समजून पाळी चुकल्याकडे दुर्लक्ष करणं घातक ठरू शकतं. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत १० वर्षांत १,००० पैकी १८-१९ स्त्रियांना ऑपरेशननंतरही दिवस गेले, आणि त्या गर्भांपैकी साधारण एक तृतीयांश गर्भाशयाबाहेर होते. पाळी चुकली, पोटात एका बाजूला कळ आली, अंगावरून थोडं रक्त गेलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी असलेल्या दवाखान्यात जावं.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांना हे सगळं आधी सांगायला हवं. त्याच अमेरिकी पाहणीत तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्यांपैकी सुमारे २० टक्के जणींनी पुढे पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं, तिशीनंतर केलेल्यांत ते प्रमाण ६ टक्के होतं. सरकारी नियमांप्रमाणे या ऑपरेशनला नवऱ्याची संमती लागत नाही, सासूची तर नाहीच. निर्णय त्या बाईचा. बाळंतपणाच्या खाटेवर तिच्यापुढे संमतीपत्र ठेवणाऱ्याने हेही सांगावं, की कॉपर-टी ३८० ए ही सरकारी दवाखान्यात मोफत बसते, १० वर्षं चालते, आणि काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.