बाबांना विचारलं का?

रुग्णाचे हक्क : लेखांक 5

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. आठव्या अध्यायावर बोलताना त्यांनी मरणाच्या तयारीचा विषय घेतला होता. पुढे पन्नास वर्षांनी, नोव्हेंबर 1982 मध्ये, पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी औषध नाकारलं, अन्नपाणीही सोडलं. 15 नोव्हेंबरला ते गेले, तेव्हा वय होतं 87. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं कलम 309 तेव्हा कायद्यात होतं, तरीही त्यांच्यावर उपचार लादले गेले नाहीत.

अन्नपाणी सोडण्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. आज तो बाजूला ठेवू. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की विनोबांचा निर्णय विनोबांनी घेतला. जळगाव-धुळ्याच्या अतिदक्षता विभागाबाहेर नेमकं हेच घडत नाही. डॉक्टर बोलतात थोरल्या मुलाशी. सुरतेहून जावई येतात, ओट्यावर चर्चा होते, सही मुलाची होते. “बाबांना काही सांगू नका, खचून जातील.” यामागच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण आत पडलेला माणूस शुद्धीवर असतो, “माले आते घर लई चला” असं म्हणतही असतो, आणि त्याचं बोलणं आजारपणातली चिडचिड म्हणून सोडून दिलं जातं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिल्लीत तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढून टाकण्यात आले. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असताना दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही. भूल उतरेपर्यंत थांबता आलं असतं. जीव वाचवायला क्षणाचीही उसंत नसेल तर गोष्ट निराळी.

जो होकार देऊ शकतो, तो नकारही देऊ शकतो. डायलिसिस, केमो, शस्त्रक्रिया, व्हेंटिलेटर, काहीही. नकाराचे परिणाम रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगणं हे डॉक्टरांचं काम. गरज असेल तर अहिराणीत, पावरीत. तो नकार लेखी घेण्याचा अधिकारही त्यांना आहे.

इथे एक मोठा गैरसमज आहे. नकार म्हणजे ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’च्या कागदावर सही करून घरी जाणं, असं अनेकांना वाटतं. व्हेंटिलेटर नको म्हणणाऱ्याला वेदनाशामक औषध हवंच असतं, धाप कमी करणारा इलाज हवा असतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणारं कुणी हवं असतं. एका उपचाराला दिलेला नकार हा सगळ्या सेवेला दिलेला नकार नसतो. आणि पैसे संपले म्हणून केलेली सही तर नकारच नव्हे. ती नाइलाजाने केलेली सही आहे, आणि तिला रुग्णाची इच्छा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बोलण्याची शक्ती गेल्यावर काय? 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. 24 जानेवारी 2023 रोजी ही अट सैल झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात लिहायची. वेळ येईल तेव्हा रुग्णालयातलं डॉक्टरांचं मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ प्रकृती तपासतं; प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

इच्छापत्राची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपली जावी, असंही न्यायालयाने सांगितलं. हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि मगच राज्यात नेमणुका झाल्या. जळगाव आणि धुळे महापालिकेत जाऊन आपला अधिकारी कोण, हे जरूर विचारा. एक प्रत घरच्यांकडे आणि एक नेहमीच्या डॉक्टरांकडेही द्या.

पुढच्या आठवड्यात : इच्छापत्रात नेमकं काय लिहायचं, आणि मुलांचं एकमत नसेल तर काय.