जनरेटर लावताय? आधी बेरीज करा!
गेल्या महिन्यात दिवसभर लाइट नव्हती, आणि फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन! मी भाड्याने २ केव्हीएचा जनरेटर आणला. २००० वॉट मिळतील या भरवशावर फ्रिज (१५०), तीन पंखे (२२५) आणि वर इस्त्रीही (१०००) लावली. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला अन् फट्! ब्रेकर पडला.

गणित साधं आहे, बॉस! पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर २ केव्हीएचे होतात १६०० वॉट. त्यातले ८० टक्के, म्हणजे १२८०च वापरायचे. शिवाय सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर कित्येक पट वॉट ओढतो. म्हणून आधी फ्रिज, मग पंखे. इस्त्रीला सुट्टी!

आणि हो, जनरेटर बाल्कनीत नको. मोकळ्या जागी, खिडक्यांपासून लांब ठेवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बेरीज चुकली तर ब्रेकर पडतो. इथे चुकलात तर माणूस.