गावाच्या विकासाची बातमी वस्तीला शेवटी का कळते?

तालुक्याच्या गावात एस.टी. शिरते तेव्हा नाक्यावर एक पाटी हमखास दिसते. कधी तिच्यावर रोटरीचे दातेरी चाक असते, कधी लायन्सचे दोन सिंह असतात. खाली लिहिलेले असते, 'आपले हार्दिक स्वागत'. या सेवाभावी क्लबांशी आपला संबंध काय? मोतीबिंदूचे शिबिर, शाळेत वाटलेल्या वह्या, अपंगांना दिलेल्या खुर्च्या, एवढाच. म्हणजे क्लब देणारा आणि आपण घेणारे. पण दर आठवड्याला ही मंडळी एकत्र बसतात तेव्हा आपसांत काय बोलतात, याची चौकशी आपल्यापैकी फारसे कोणी करीत नाही. ती करावी असे आम्हाला वाटते, कारण त्या बोलण्यात पुष्कळदा आपल्या वस्तीचाही विषय असतो.

कोळसेवाला, शिंपी आणि वकील

रोटरीची सुरुवात राजवाड्यात झालेली नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचे एक वकील आपल्या तीन ओळखीच्या माणसांना भेटले. त्यांतला एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक होता. सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून फिरती या अर्थाने 'रोटरी' हे नाव पडले. पुढे १९१७ साली त्याच शिकागोत मेल्विन जोन्स यांनी लायन्सची जुळवाजुळव केली. १९२० सालापर्यंत रोटरी कलकत्त्याला आणि १९२९ साली मुंबईला पोहोचली होती.

या क्लबांची एक शिस्त ध्यानात घेण्यासारखी आहे. वार ठरलेला, वेळ ठरलेली. हजेरी लागते. घंटा वाजली की सभा सुरू आणि वेळ झाली की बंद. दर खेपेस बाहेरचा एखादा पाहुणा बोलतो, मग प्रश्न विचारले जातात. अमेरिकेतल्या लहान गावांत तर महापौर किंवा नगर प्रशासक क्लबात येऊन गावाचा हिशेब सांगून जातात. कोणता रस्ता झाला, कोणता अडला, पाण्याच्या टाकीचे काय, नवा कारखाना येणार की नाही, हे सारे जेवताजेवता सांगितले जाते. आपल्याकडेही मुख्याधिकारी, तहसीलदार, अभियंता यांना क्लबात पाहुणे म्हणून बोलावण्याची पद्धत आहे. त्यामुळे नगरपालिकेच्या मनात काय आहे, हे क्लबाच्या सभासदाला आधी कळते. ज्याला आधी कळते तो आधी हालचाल करतो.

मुतारीसाठी केलेली खटपट

शिकागोच्या रोटरीने गावासाठी हाती घेतलेले पहिले मोठे काम कोणते होते? देऊळ नव्हे, पुतळा नव्हे, बागही नव्हे. १९०७ साली त्यांनी शहराच्या मध्यभागी सार्वजनिक मुतारी व शौचालय व्हावे असा विषय घेतला. गोष्ट साधी दिसते, पण तिला विरोध झाला. दारू गाळणाऱ्या कंपन्या म्हणाल्या, शहरभर आमचे गुत्ते आहेत, तिथे पुरुषांची सोय आहेच. मोठे दुकानदार म्हणाले, बायकांसाठी आमच्या दुकानांत सोय आहे. म्हणजे लघवीला जायचे तर पुरुषाने आधी दारूचा पेला विकत घ्यावा आणि बाईने लुगडे-कापड घ्यावे! ज्याच्या खिशात पैसा नाही त्याने काय करावे? क्लबाने शहरातल्या इतर संस्था गोळा केल्या, समिती नेमली आणि महापालिकेचा पिच्छा पुरवला. शेवटी शौचालय झाले.

आपल्या आयाबहिणींना हा प्रश्न समजावून सांगायला नको. बाजारात भाजी विकणारी, नाक्यावर कामाची वाट पाहणारी, रस्ता झाडणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण प्यायले तर जायचे कुठे? मुंबईत २०११ सालापासून महिला संघटनांनी 'राइट टू पी' या नावाने हीच मागणी लावून धरली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, हा त्यांचा सवाल होता. पुण्यातून याच विषयावर जनहित याचिका झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांच्या स्वच्छतागृहांसाठी आदेश दिले. शिकागोतले व्यापारी आणि आपल्याकडच्या कष्टकरी बाया यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण दोघांची रीत एकच होती. विषय एक धरला, सोबती जमवले आणि कागद सोडला नाही.

दार कोणाला उघडे होते?

पण एकच बाजू सांगितली तर ते खरे होणार नाही. रोटरीत जुना नियम होता की प्रत्येक धंद्याचा एकेक प्रतिनिधी घ्यावा. धंद्याचा म्हणजे मालकाचा किंवा वरच्या हुद्द्यावरच्या माणसाचा. कोळशाचा व्यापारी सभासद झाला, कोळसा वाहणारा हमाल झाला नाही. बायकांना तर ऐंशी वर्षांहून जास्त काळ दार बंदच होते. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या लहान गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांना सभासद केले, तेव्हा वरच्या संस्थेने त्या क्लबाचीच मान्यता काढून घेतली. क्लब कोर्टात गेला. ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ साली रोटरीने जगभरासाठी नियम बदलला.

आणखी एक गोष्ट. रोटरीने १९८५ साली पोलिओ हटवण्याचे काम अंगावर घेतले आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. या कामाचे श्रेय त्यांना जरूर द्यावे. पण उन्हातान्हात घरोघर जाऊन थेंब पाजणाऱ्या अंगणवाडीताई आणि आशाताई यांत आपल्या वस्तीतल्या लेकीसुना किती होत्या, हेही विसरू नये. सेवा करताना आपण असतो. सभेत मात्र नसतो.

चहा देणाऱ्याने ऐकलेली गोष्ट

मागे आम्ही एका तालुक्याच्या गावी अशाच एका सभेस हजर होतो. गावाचे व क्लबाचे नाव देत नाही, कारण असे कोणत्याही गावी घडू शकते. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक मंडळी बसली होती. नगरपालिकेचे अधिकारी पाहुणे होते. माणूस सभ्य, तयारीने आलेला. नव्या नळयोजनेची टाकी कुठवर आली, भाजी मंडई कुठे हलणार, विकास आराखड्याच्या मसुद्यात कोणता रस्ता किती रुंद दाखवला आहे, हे सगळे त्यांनी नकाशा लावून सांगितले. डॉक्टरांनी वाहनतळाचे विचारले. कापडवाल्यांनी गटाराचे विचारले. एका बिल्डरने विचारले, नाल्याकडचा रस्ता अठरा मीटरचा होणार ना? उत्तर आले, मसुद्यात तसे आहे.

नाल्याकडे आपली वस्ती आहे. तिथे घरे आहेत, समाजमंदिर आहे, पोरांनी वर्गणीतून उभे केलेले वाचनालय आहे. त्या सभेत वस्तीचा सभासद एकही नव्हता. पण कपबशा गोळा करणारा पोरगा वस्तीतला होता. 'अठरा मीटर' हा शब्द त्याने कानात धरला आणि रात्री घरी येऊन सांगितला. आज्या म्हणाल्या, "अरे, आपल्याला कोणी काही बोललं न्हाई." बोलणार कोण? नोटीस वर्तमानपत्रात छापून आली होती, नगरपालिकेच्या फळ्यावर लागली होती. पण वस्तीत कोणी ती वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या बाया आणि चार शिकलेली पोरे नगरपालिकेत गेली. नकाशा पाहायला मागितला. आधी 'साहेब नाहीत' झाले, मग 'उद्या या' झाले, तिसऱ्या दिवशी नकाशा समोर आला. मुदतीला नऊ दिवस उरले होते. नऊ दिवसांत एकवीस घरांच्या एकवीस लेखी हरकती गेल्या आणि प्रत्येकीची पोच घेतली गेली. सुनावणीच्या दिवशी ती एकवीसही नावे पुकारली गेली. त्या पोराच्या हातात चहाचा ट्रे नसता तर एकही नाव पुकारले गेले नसते. आमचा सवाल एवढाच आहे, वस्तीचे भवितव्य चहाच्या ट्रेवर का अवलंबून राहावे?

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नव्हे

नगरपालिकेचा कागद आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे? रावबहादूर बोले यांच्या प्रयत्नाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. कागद तयार होता, तळ्यात पाणीही होते. पण ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्यानंतरही ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठराव फिरवला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. तेव्हा नगरपालिकेच्या सभेत काय ठरते आणि काय फिरते, यावर डोळा ठेवणे हे आपल्या इतिहासानेच शिकवलेले काम आहे.

आपल्या हातात काय आहे?

क्लबाच्या सभासदाला जे मैत्रीखातर कळते, ते आपल्याला हक्काने कळू शकते. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. नगर नियोजन, पाणीपुरवठा, झोपडपट्टी सुधारणा, शहरी दारिद्र्य निवारण, दिवाबत्ती आणि स्मशानभूमीसुद्धा त्यात येते. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याखाली होतो. मसुदा प्रसिद्ध झाला की लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. मुदत जाहिरातीतच छापलेली असते. हरकत साध्या कागदावर मराठीत चालते. आवक नंबर व शिक्का असलेली पोच मात्र घ्यावी. हरकतींनी काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचे उदाहरण पाहावे. २०१५ च्या सुरुवातीस मुंबईचा आराखडा आला, त्यावर हजारो हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये सरकारने तो दुरुस्तीसाठी परत पाठवला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ साली मिळाली.

माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून आहे. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही माफ. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांपर्यंत मजकूर असावा, एवढे ध्यानात ठेवावे.

आपली सभा अशी भरवावी

क्लबाचे सभासद होण्यासाठी धडपडा, असे आमचे सांगणे नाही. ज्याला जमेल त्याने खुशाल व्हावे. पण त्यांची शिस्त मात्र आपण उचलावी. तिला पैसे पडत नाहीत.

महिन्यातला एक वार ठरवावा, उदाहरणार्थ दुसरा रविवार, संध्याकाळी सहा. जागा समाजमंदिराची. वेळ एक तास, त्याहून जास्त नाही, कारण बायांना स्वयंपाक असतो आणि रात्रपाळीवाल्यांना जायचे असते. हजेरीवही ठेवावी. दहावी-बारावीच्या मुलीकडे इतिवृत्त लिहायचे काम द्यावे. तिचे मराठीही सुधारेल आणि नगरपालिकेची भाषाही तिला कळेल.

आळीपाळीने नगरसेवक, पाणीपुरवठ्याचा अभियंता, आरोग्य निरीक्षक, वीज कंपनीचा माणूस यांना लेखी पत्राने बोलवावे. हार-तुरे, भाषणे नकोत. आल्यावर पाच प्रश्न विचारावेत. काम कोणते आणि कुठून कुठवर? पैसा कोणत्या योजनेचा, अंदाजपत्रक किती रुपयांचे? ठेका कोणाला, कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा? काम कधी पुरे होणार? वर्षभरात उखडले तर दुरुस्ती कोण करणार? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि पुढच्या महिन्यात तीच वही उघडून वाचावी. गेल्या सभेत दिलेला शब्द पुढच्या सभेत वाचून दाखवला की भांडावे लागत नाही.

पाहुणा आला नाही तरी सभा भरवावी. नगरपालिकेच्या फळ्यावर महिन्याभरात कोणत्या नोटिसा लागल्या, त्या दोन पोरांनी जाऊन मोबाइलमध्ये टिपून आणाव्यात आणि सभेत मोठ्याने वाचाव्यात. आणि पहिला प्रश्न विचारायचा मान बायांना द्यावा. नळाला पाणी किती वाजता येते, संडासाच्या दाराला आतून कडी आहे की नाही, गल्लीच्या टोकाचा दिवा केव्हापासून बंद आहे, हे पुरुषांपेक्षा त्यांना पक्के माहीत असते.

एक वही, एक पेन आणि महिन्याचा एक तास, एवढ्यावर सुरुवात होते. येत्या दुसऱ्या रविवारी आपल्या वस्तीत ती करावी आणि पहिल्या पानावर हजर असलेल्या सर्वांची नावे लिहावीत. जय भीम!